प्रोपेनवर चालणारी गाडी लांब चढावर ओढत नाही आणि रिड्यूसरवर बर्फ जमतो

डोंगरवाट

नमस्कार. माझ्याकडे कार्ब्युरेटर असलेली चार सिलिंडरची जुनी गाडी आहे. तिला आधीच्या मालकाने प्रोपेनचे किट बसवून घेतले होते आणि पेट्रोलची सोयही तशीच ठेवली होती. सपाट रस्त्यावर गाडी गॅसवर उत्तम चालते. पण लांब चढ लागला की दहा-पंधरा मिनिटांत पिकअप जातो, इंजिन मिसिंग करू लागते आणि शेवटी गाडी बाजूला घ्यावी लागते. बॉनेट उघडून पाहिले, तर रिड्यूसर (द्रव गॅसची वाफ करून त्याचा दाब कमी करणारा भाग) पांढऱ्या बर्फाने माखलेला असतो. पाच मिनिटे थांबलो की बर्फ वितळतो आणि गाडी काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा चालू लागते.

दुसरी तक्रार सकाळची आहे. रात्री मी टाकीचा कॉक बंद करून ठेवतो. सकाळी तो उघडल्यावर इंजिन सुरू होते, आयडलला नीट चालते, पण रेस दिली की बंद पडते. याशिवाय एकदा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, बॅकफायर (गॅसचा उलटा भडका) होऊन एअर फिल्टरचे झाकण उडाले.

गॅसचा फिल्टर आणि प्लग नवे घातले आहेत आणि पेट्रोलवर कसलाही त्रास नाही. एका मेकॅनिकने रिड्यूसरमधला डायफ्रॅम (रबरी पडदा) बदला म्हणून सांगितले, दुसऱ्याने अख्खा रिड्यूसरच बदलायला सांगितला. चक्रावणारी गोष्ट ही की, मागे सलग आठवडाभर पाऊस होता, तेव्हा याच चढावर गाडीने एकदाही दगा दिला नाही. खर्चात पडण्याआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तेलकट_हात

आपण तीन तक्रारी एकत्र लिहिल्या आहेत, पण त्यांचे मूळ एकच असेल असे मला वाटत नाही. आधी बर्फाकडे पाहू.

टाकीतून रिड्यूसरपर्यंत प्रोपेन द्रवरूपात येतो आणि तिथे त्याची वाफ होते. वातावरणाच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो आणि एक लिटर द्रवाची सुमारे २७० लिटर वाफ होते. या वाफेसाठी लागणारी उष्णता रिड्यूसरमधून फिरणाऱ्या इंजिनच्या गरम कूलंटमधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून) मिळते. सपाट रस्त्यावर गॅस थोडा लागतो, म्हणून अपुरी उष्णताही पुरते. चढावर गॅसची मागणी वाढते आणि कूलंट पुरेसा फिरत नसेल, तर रिड्यूसर गोठू लागतो. म्हणजे आपला रिड्यूसर बिघडलेला नसून उपाशी असण्याची शक्यता अधिक आहे. तो बदलून नवा घातला, तरी तोही गोठेल.

बर्फ नेमका कुठून सुरू होतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे. सर्वात आधी फिल्टरवर किंवा सोलेनॉइडवर (गॅस चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेवर) धरत असेल, तर तिथे अडथळा आहे असे समजावे, कारण दाब जिथे पडतो तिथेच द्रव उकळू लागतो. फिल्टर कोरडा आणि रिड्यूसर पांढरा असेल, तर उष्णता कमी पडते आहे.

इंजिन पूर्ण तापल्यावर रिड्यूसरच्या दोन्ही कूलंट होजना हात लावून पाहावा, मात्र फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून सांभाळून. दोन्ही चटका बसण्याइतक्या गरम असायला हव्यात. परतीची होज किंचित कमी गरम असली तर हरकत नाही. एक गरम आणि दुसरी गार असेल, तर कूलंट फिरत नाही. अशा वेळी कूलंटची पातळी, रिड्यूसर रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच बसवल्यामुळे झालेला एअर लॉक (अडकलेली हवा), दुमडलेली होज, हे सगळे तपासावे लागते. दोन्ही कोमटच असतील, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो.

आता आपल्या पावसाच्या कोड्याविषयी एक प्रश्न: त्या आठवड्यात काचेवरचे धुके घालवण्यासाठी आपण केबिनचा हीटर चालू ठेवला होता का?

मंदगती

सकाळच्या तक्रारीपुरते लिहितो. टाकीच्या कॉकमध्ये एक सुरक्षा झडप असते. पाइप फुटला आणि गॅस एकदम वाहू लागला, तर ती आपोआप मिटते. रात्रभर बंद असलेला कॉक आपण झटक्यात उघडलात, तर रिकाम्या पाइपमध्ये गॅस जोरात धावतो, झडपेला पाइप फुटल्यासारखे वाटते आणि ती मिटून बसते. तिच्यातल्या बारीक छिद्रातून आयडलपुरता गॅस मिळत राहतो, म्हणून इंजिन सुरू होते पण रेस घेत नाही. असे झाल्यास इंजिन आणि कॉक दोन्ही बंद करून काही मिनिटे थांबावे, मग कॉक अगदी सावकाश उघडावा. झडप मागे सरकल्याचा बारीक टक् असा आवाज कधी कधी ऐकूही येतो. ही झडप काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर कृपया मानू नये.

ठिणगी

बॅकफायरविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पेट्रोलवर गाडी नीट चालते, एवढ्यावरून इग्निशनला निर्दोष ठरवू नये. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते. पेट्रोलवर खपून जाणारी जुनी वायर गॅसवर उघडी पडते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि हात दूर ठेवून नुसते पाहावे. निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसली, तर ती वायर बाद. मात्र आजूबाजूला गॅसचा जराही वास असेल, तर हा प्रयोग करू नये. प्लगचा गॅप पेट्रोलपेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर कमी ठेवला, तर फायदा होतो.

गॅस आणि हवेचे प्रमाण ठरवणारा मिश्रणाचा स्क्रू आपण फिरवला आहे का, हे आपण लिहिलेले नाही, पण बहुतेक जण फिरवतातच. मिश्रण पातळ झाले, म्हणजे त्यात गॅस कमी पडला, तर ते सावकाश जळते आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत सिलिंडरमध्ये आग शिल्लक राहून बॅकफायर होऊ शकतो.

तेलकट_हात यांच्याशी मी सहमत आहे, पण डायफ्रॅमला इतक्या लवकर माफ करणार नाही. गॅसमधले तेलकट जड अंश रिड्यूसरच्या तळाशी साचतात आणि रबर कडक करतात. इंजिन गरम असताना टाकीचा कॉक बंद करून पाइपमधला गॅस संपेपर्यंत गाडी चालवावी आणि मग रिड्यूसरखालचा ड्रेन प्लग उघडावा. हे काम उघड्यावरच करावे, सर्व्हिस पिटवर कधीही नाही. प्रोपेनची वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असते आणि खड्ड्यात साचून राहते. जोडणी पुन्हा आवळल्यावर साबणाचा फेस लावून गळती पाहावी.

डोंगरवाट

सर्वांचे आभार. हीटरचा प्रश्न वाचला आणि मी थेट गाडीकडे गेलो. होय, पावसात हीटर सतत चालू होता. होजचा माग काढला, तेव्हा दिसले की रिड्यूसर केबिनच्या हीटरला सिरीजमध्ये जोडलेला आहे, म्हणजे हीटरची नॉब बंद केली की तिचा व्हॉल्व्ह रिड्यूसरचेही पाणी तोडतो. पडताळणी म्हणून नॉब पूर्ण उघडी ठेवून तोच चढ चढलो. केबिनमध्ये घामाघूम झालो, पण वर पोहोचल्यावर रिड्यूसर कोरडा आणि हाताला चांगला गरम लागला.

त्यानंतर टी-जोड घालून रिड्यूसर हीटरला समांतर जोडून घेतला. आता नॉब बंद असली, तरी दोन्ही होज गरम राहतात. कॉक सावकाश उघडायला लागल्यापासून सकाळची तक्रार एकदाही आलेली नाही. ड्रेन प्लगमधून कपाचा तळ झाकेल इतके काळपट, उग्र वासाचे तेल निघाले. तिसऱ्या सिलिंडरची वायर अंधारात चमकताना दिसली, म्हणून चारही वायरी बदलल्या. आणि ठिणगी यांचा अंदाज खरा आहे: स्क्रू मी फिरवला होता, तोही दोनदा.

तेलकट_हात

छान झाले. नव्या जोडणीत हवा अडकलेली असू शकते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पुन्हा पाहावी आणि होजचे क्लॅम्पही त्याच वेळी आवळून घ्यावेत. स्क्रू मात्र आता कानाने लावू नका. एक्झॉस्टच्या वायूंचे मोजमाप करणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडून लावून घ्या. आणि तेही डायफ्रॅम तपासून झाल्यावर, कारण रबर कडक झालेले असेल, तर आज लावलेला स्क्रू उद्या चुकीचा ठरेल.