जामीन मंजूर, पण सुटका नाही : राज्याच्या हातात नेमके काय आहे?

सातपूरकर (प्रश्न)

आमच्या वस्तीत भाड्याने राहणारा, सुरगाणा तालुक्यातून कामासाठी आलेला एक तरुण कारखान्यातील भंगार चोरल्याच्या आरोपावरून नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहात आहे. न्यायालयाने १५ हजार रुपयांचा जामीन मंजूर करून महिना उलटला, तरी तेवढ्या ऐपतीचा जामीनदार मिळत नसल्याने तो आतच आहे. वडिलांकडे वनहक्काची जमीन आहे. परंतु ती विकता येत नसल्यामुळे जामिनाला चालणार नाही, असे सांगण्यात आले. फौजदारी कायदा केंद्राचा, त्यात राज्य सरकार काही करू शकत नाही, असे जो तो म्हणतो. हे खरे आहे काय?

एक वकील, नाशिक

अर्धेच खरे आहे. फौजदारी कायदा आणि प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल अशा विषयांत आहेत, त्यामुळे विधिमंडळ दुरुस्ती करू शकते. केंद्रीय कायद्याशी विसंगती असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. तुरुंग तर राज्य सूचीतच येतात. मात्र या तरुणासाठी नवा कायदा नको, आहे तोच चालवला तरी पुरे. जामिनाची रक्कम अवाजवी असू नये, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे) कलम ४८४ सांगते. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. खरे तर १९७८ च्या मोतीराम खटल्यातच, दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून भावाची हमी नाकारलेल्या गवंड्याला न्यायालयाने १ हजाराच्या जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सोडले होते. तेव्हापासून कायदा बोलतोच आहे. तुरुंगातून न्यायालयापर्यंत वेळेवर कागद पोहोचवणारी माणसे कमी पडतात, आणि ती नेमणे हे राज्याचे काम आहे.

द्वारका परिसरातील एक दुकानदार

आमचीही बाजू ऐकावी. जामिनावर सुटलेला आरोपी पत्ता बदलतो, वॉरंट बजावले जात नाही आणि शेवटी आरोपी सापडत नाही म्हणून प्रकरण सुप्त फाईलमध्ये बाजूला पडते. जामीनदाराची अट गेली, तर त्याला तारखेला हजर कोण करणार?

एक वकील, नाशिक

आपली शंका रास्त आहे; पण ऐपतीच्या दाखल्याने आरोपी हजर राहतोच असे नाही. सातबारा जोडून पैशांसाठी जामीन राहणारे लोक न्यायालयाच्या आसपास असतात, हे कोणीही सांगेल, आणि आरोपी पळाल्यावर ते स्वतःही सापडत नाहीत. त्यापेक्षा त्याचे घर, काम आणि नातेवाईक पडताळून जातमुचलका घेणे आणि ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावणे अधिक उपयोगी ठरते.

इगतपुरीकर (सामाजिक कार्य विभागातून निवृत्त)

कायदा आहे, पण तो राबवणारी माणसे नाहीत, हीच गत शिक्षेच्या बाबतीतही आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलीच वेळ आणि माल किंवा किंमत परत, अशा प्रकरणात भारतीय न्याय संहितेने (गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्याने) सामुदायिक सेवेची शिक्षा ठेवली आहे. गोदाघाटाच्या सफाईचे काम दिले, असे धरू. पण हजेरी कोण घेणार, काम झाल्याचा अहवाल कोण देणार आणि काम चुकवल्यास न्यायालयाला कोण कळवणार? हे काम परिवीक्षा अधिकाऱ्यांवरच (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांवर) सोपवावे लागेल, असे मला वाटते. १९५८ चा परिवीक्षा कायदा हाताशी असूनही हे पद महिला व बाल विकास विभागाच्या एका कोपऱ्यात पडून राहिले आहे. धोरण बदलायचे, तर सुरुवात तिथून करावी.

सातपूरकर

आभारी आहे. आता नेमके काय करावे?

एक वकील, नाशिक

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेमार्फत) न्यायालयात अटी शिथिल करण्याचा अर्ज द्यावा. सोबत जामीन आदेशाची प्रत, वनहक्काचा दाखला, शिधापत्रिका आणि ठेकेदाराचे हजेरी पत्रक जोडावे. गरीब कैद्यांसाठीच्या २०२३ च्या केंद्रीय योजनेत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची तरतूद केलेली होती, त्याचीही चौकशी करावी. आणखी एक बाब आताच टिपून ठेवावी : साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे, त्यामुळे गुन्हा पहिलाच असेल आणि दुसरा खटला प्रलंबित नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार एक वर्ष कोठडीत गेल्यावर त्याला मुचलक्यावर सोडण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे कारागृह अधीक्षकांवर बंधनकारक आहे. अर्थात तोवर थांबू नये. वरचा अर्ज उद्याच द्यावा.