मदत हवी आहे: ड्राइव्हचा स्पीड पीएलसीत येत नाही, एरर ०५

पल्पवाला: रत्नागिरीला आंब्याच्या पल्पचा प्लांट. पंपाच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचा स्पीड पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये घ्यायचाय. पिंग होतंय, म्हणजे नेटवर्कवर ड्राइव्ह उत्तर देतोय, पण मेसेज टाकला की एरर ०५. सीझन चालू आहे, मालक पाठीशी उभा. लवकर सांगा.

खाडीकाठ: आयपी अॅड्रेस स्टॅटिक केलास का?

पल्पवाला: पिंग होतंय म्हटलं ना! प्रोटोकॉल ईथरनेट/आयपी आहे.

खाडीकाठ: तेच विचारतोय, आयपी.

तलाठी: अहो, त्यातला आयपी म्हणजे इंडस्ट्रियल प्रोटोकॉल.

जुना वायरमन: आधी कनेक्टर उघडून बघ. आमच्याकडे बंदरावरच्या बर्फ कारखान्यात खाऱ्या हवेने पिना हिरव्यागार झाल्या होत्या. दोन दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या.

मॉडबसप्रेमी: ड्राइव्हला मॉडबस असेल तर तोच प्रोटोकॉल घे. ४०००१ पासून रजिस्टरं, सरळ वाचायची. ही ऑब्जेक्टांची भानगड हवीय कुणाला?

तलाठी: आणि कुठल्या रजिस्टरात काय, ते प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर! इथे निदान क्लास १ म्हणजे डिव्हाइसची ओळख, कुठल्याही कंपनीचा घ्या. पल्पवाले, मेसेजमध्ये काय भरलंत ते सांगाल का?

पल्पवाला: क्लास ४, इन्स्टन्स ४६, अॅट्रिब्यूट ३. मॅन्युअलात आहे तसंच.

तलाठी: क्लास १, इन्स्टन्स १, अॅट्रिब्यूट ७ वाचून बघा.

पल्पवाला: ड्राइव्हचं नाव आलं. मग?

तलाठी: मग वायर, पिना सगळं ठीक. सातबाऱ्यासारखं आहे हे: क्लास म्हणजे गाव, इन्स्टन्स गट नंबर, अॅट्रिब्यूट हिस्सा. ०५ म्हणजे पत्ताच लागला नाही. गाव बरोबर आहे, त्या नंबरचा गट नाही. हिस्सा चुकला असता तर एरर १४ आला असता. ४६ पुढे बारीक 'एच' छापलाय का?

पल्पवाला: हो. मला वाटलं छपाईची चूक.

तलाठी: हेक्स आहे तो, दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला आकडा. चार सोळे चौसष्ट आणि सहा. ७० भरा.

पल्पवाला: आलं! चार बाइट: ०४ ०० ए० ०५. यात स्पीड कुठाय?

तलाठी: पहिला ०४ म्हणजे मोटर चालू. शेवटचे दोन उलटे जोडा, ०५ए०. हाही हेक्सच, साध्या आकड्यात झाले १४४० आरपीएम.

पल्पवाला: वेग मोजायच्या टॅकोमीटरवर १४३८! निघतो, बॅच लागलीय.

जुना वायरमन: पिना पुसून घे तरी.

मॉडबसप्रेमी: मॉडबसमध्ये हे दहा मिनिटांत झालं असतं.

खाडीकाठ: पल्प हापूसचाच ना पण? की घाटावरचा आंबा ढकलताय?