जागाच नाही तर जाहिरात कशाला?
जागा नसताना कंपन्या नोकरीची जाहिरात का देतात असं वर विचारलंय, तर माझ्या धाकट्या भावाचं सांगते. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीची एकच जाहिरात चार महिने दर सोमवारी नवी म्हणून वर यायची, हा सुट्ट्या टाकून तीन राउंड देऊन आला आणि मग एचआर म्हणते क्लायंटचं प्रोजेक्ट अजून साइनच नाही झालं, आम्ही प्रोफाइल जमवून ठेवतोय. म्हणजे प्रोजेक्ट नसताना बसून असलेल्यांचा (बेंचचा) पगार द्यायला नको म्हणून पोरांना नुसतं ताटकळत ठेवायचं, फार राग येतो हो! कॅनडात ऑन्टारिओमध्ये १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जागा खरंच रिकामी आहे का ते जाहिरातीत लिहावं लागतं, आणि इंटरव्ह्यूनंतर ४५ दिवसांत निर्णय झालाय की नाही ते कळवावं लागतं. आपल्याकडे निदान ते कळवायचं तरी सुरू करा.