मदत हवी आहे: स्वतः बनवलेल्या बीएमएक्स पार्कमध्ये रॅम्पच्या पायथ्याशी सायकल उसळते

नमस्कार.

'बीएमएक्स स्ट्रीट्स' या पीसीवरच्या बीएमएक्स (कसरतींच्या छोट्या सायकलींच्या) व्हिडिओ गेमसाठी मी एक मॅप, म्हणजे खेळायची जागा, तयार करत आहे. 2021 मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स फ्रीस्टाइल पहिल्यांदा खेळले गेले, त्या आरिआकेच्या पार्कवर तो बेतलेला आहे. रॅम्प ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवून एफबीएक्स या फाइल स्वरूपात युनिटी या गेम इंजिनमध्ये आणतो. मापे छायाचित्रांवरून काढली आहेत: वीस इंची बीएमएक्स चाकाची रिम 406 मिलिमीटरची असते, त्यामुळे सायकल रॅम्पला अगदी लागून असलेले छायाचित्र मिळाले की उंचीचा बरा अंदाज येतो.

अडचण अशी की सपाट जमिनीवरून वेगात क्वार्टर पाइपवर (पाव वर्तुळासारख्या वक्र रॅम्पवर) चढताना चाकाला जोराचा धक्का बसतो आणि कधीकधी स्वार थेट खाली पडतो. खेळासोबत आलेल्या पार्कमध्ये असे होत नाही, त्यामुळे कारण मॅपच्या बांधणीतच असणार.

सुरुवातीला 2.4 मीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ 12 तुकड्यांत विभागले होते. म्हणजे प्रत्येक सांध्यावर पृष्ठभाग साडेसात अंशांनी वळतो, आणि सेकंदाला 8 मीटर वेगाने आलेल्या चाकाचा सुमारे 1 मीटर वेग तिथे पृष्ठभागावर सरळ आदळतो. स्मूथ शेडिंगमुळे (कडा लपवणाऱ्या छायांकनामुळे) वक्र डोळ्यांना गुळगुळीत दिसतो खरा, पण मेश कोलायडरला (वस्तूच्या त्रिकोणी जाळ्यावरून, म्हणजे मेशवरून, टक्कर ठरवणाऱ्या भागाला) सपाट त्रिकोणच कळतात. तुकडे 48 केल्यावर वरच्या भागातले धक्के जवळजवळ नाहीसे झाले. पायथ्याचा मात्र तसाच राहिला. तिथे जमीन आणि रॅम्प या दोन वेगळ्या वस्तू असून प्रत्येकीचा कोलायडर स्वतंत्र आहे, त्यामुळे माझा संशय त्या सांध्यावरच आहे.

दोन्ही जोडून, सांध्यावरचे शिरोबिंदू एकत्र करून एकच मेश केल्यास हा धक्का जातो का? तसे करायला हरकत नाही, पण मग एक रॅम्प हलवायचा म्हटला तरी सगळा पार्क पुन्हा निर्यात करावा लागेल, आणि मी रॅम्प सतत हलवत असतो. की दिसणारा मेश हलका ठेवून त्याखाली, फक्त वक्रांवर दाट त्रिकोण असलेला अदृश्य कोलायडर वेगळा द्यावा? ज्यांनी मॅप प्रसिद्ध केले आहेत त्यांनी प्रत्यक्षात किती तुकडे ठेवले आणि जुन्या संगणकांवर त्याचा भार जाणवला का, हेही कळावे.

शिवाय कोपिंगच्या (रॅम्पच्या वरच्या कडेच्या) नळीला साध्या कॅप्सूल आकाराचा कोलायडर द्यावा की मेश, यावर कोणाचा अनुभव असल्यास तोही सांगावा. पायथ्याच्या सांध्याचे वायरफ्रेम (फक्त रेषांचे जाळे दाखवणारे) चित्र हवे असल्यास इथेच देतो.