1969 ची व्हिएतनाम सोडत प्रदर्शनात कशी दाखवायची? चिठ्ठ्या, बरणी आणि जनमताचे आकडे

पंचगंगाकाठ:
कोल्हापुरात महाविद्यालयीन मुलांचं प्रदर्शन आहे, इतिहास आणि संख्याशास्त्र एकत्र. एक टेबल व्हिएतनाम युद्धाला दिलंय. अमेरिकेत 1 डिसेंबर 1969 ला सक्तीच्या लष्करभरतीसाठी जन्मतारखांची सोडत निघाली आणि ती सदोष निघाली, इतकं मुलांना माहीत आहे. तीन गोष्टी हव्यात. मूळ सोडतीत नेमकं काय चुकलं? ते वीस मिनिटांत समोर करून दाखवता येईल का? आणि शेजारी जनमताचा तक्ता लावायचाय, ‘तरुण युद्धाच्या विरोधात, वडीलधारे बाजूने’ असे दोन रकाने. हे बरोबर आहे का? खर्च शक्यतो पाचशेच्या आत बसावा.

चिठ्ठीबहाद्दर:
पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

1944 ते 1950 या सात वर्षांत जन्मलेल्या तरुणांसाठी ती सोडत होती. वर्षाच्या प्रत्येक तारखेची एक अशा 366 चिठ्ठ्या निळ्या प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये भरल्या. आधी जानेवारीच्या 31 कॅप्सूल एका लाकडी खोक्यात टाकून पुठ्ठ्याच्या पट्टीनं एका बाजूला सारल्या. मोकळ्या झालेल्या भागात फेब्रुवारीच्या 29 ओतल्या, मोजल्या, आणि त्याच पट्टीनं जानेवारीच्या ढिगात ढकलल्या. मग मार्च, मग एप्रिल, असं डिसेंबरपर्यंत. म्हणजे जानेवारीच्या कॅप्सूल इतरांत अकरा वेळा मिसळल्या गेल्या, नोव्हेंबरच्या दोनदा आणि डिसेंबरच्या फक्त एकदा. नंतर झाकण लावून खोकं थोडं हलवलं, सोडतीच्या वेळी काचेच्या बरणीत ओतलं, आणि काढणाऱ्यांचे हात बहुतेक वरवरच फिरले.

पहिली कॅप्सूल अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य अलेक्झांडर पर्नी यांनी काढली, तारीख निघाली 14 सप्टेंबर. त्यानंतर 24 एप्रिल, 30 डिसेंबर, 14 फेब्रुवारी, 18 ऑक्टोबर. शेवटची, 366 वी, 8 जून.

तारीख कितवी निघाली तोच तिचा नंबर, आणि लहान नंबरवाल्यांना आधी बोलावणं. दोष एका आकड्यात दिसतो. निर्दोष सोडतीत कुठल्याही महिन्यातल्या तारखांच्या नंबरांची सरासरी 183.5 च्या आसपास यायला हवी. प्रत्यक्षात मार्चची 225.8 आली आणि डिसेंबरची 121.5. लष्करानं त्या सोडतीतले 195 पर्यंतचे नंबर बोलावले. डिसेंबरच्या 31 तारखांपैकी पाचच सुटल्या: 2, 12, 15, 17 आणि 19. सरळ हिशेबानं चौदा-पंधरा सुटायला हव्या होत्या.

सगळं टीव्हीवर, लोकांच्या डोळ्यांदेखत झालं. आपल्याकडं प्रभाग आरक्षणाच्या सोडतीत शाळेतल्या पोराच्या हातून चिठ्ठी काढली की सगळे निर्धास्त होतात, तसाच तिथंही भरवसा होता. चिठ्ठी कोण काढतो इकडं सगळ्यांचं लक्ष, भांडं कोण ढवळतो इकडं कुणाचंच नाही.

पुढची सोडत 1 जुलै 1970 ला झाली. त्यात दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात नंबर. दोन्हींतून एकेक काढून जोडी लावली. एका पिंपात ढवळणं कमी पडलं तरी दुसरं सावरून घेतं.

आकडेमोड:
आता करून दाखवायचं. सामान लक्ष्मीपुरीत एका फेरीत मिळेल.

कागदी स्ट्रॉ घ्या. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर 2022 पासून बंदी आहे, आणि तसेही ते कोरड्या हवेत एकमेकांना आणि बरणीला चिकटतात. एका स्ट्रॉचे 3 सेंटिमीटरचे सहा तुकडे पडतात, म्हणजे 61 स्ट्रॉत नेमके 366. दाबले जाणारे, वाकडे कापले जाणारे धरून 70 घ्या. सगळे एकाच रंगाचे. महिन्यागणिक वेगळा रंग दिला की टेबल छान दिसतं, पण काढणारा न कळत रंग बघून काढतो आणि प्रयोग तिथंच संपतो.

चिठ्ठ्या एफोर कागदावर पाच रकाने, आठ ओळी अशा छापा. पानाला 40, म्हणजे दहा पानं. घट्ट गुंडाळून आत सारा, टोक बाहेर राहता कामा नये. खोकं म्हणून चप्पल लाईनीतून कुठल्याही दुकानातला रिकामा बॉक्स मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. पट्टीसाठी त्याच्याच झाकणाचा पुठ्ठा कापा. बरणी काचेची, तोंड रुंद, हात आत जाईल अशी. बेकरीत खारी ठेवतात तसली.

366 च्या 366 काढत बसू नका. मिनिटाला सहा धरल्या तरी तास जातो आणि माणसं पुढच्या टेबलाकडं सरकतात. फक्त पहिल्या 122 काढा, म्हणजे एक तृतीयांश. वीस मिनिटांत होतात. फळ्यावर बारा महिन्यांचे रकाने आखून प्रत्येक चिठ्ठीला एक रेघ. मूळ सोडतीत पहिल्या 122 मध्ये जानेवारी ते जूनच्या 49 होत्या आणि जुलै ते डिसेंबरच्या 73. एकट्या डिसेंबरच्या 17, मार्चच्या 5. हे आकडे शेजारी आधीच लिहून ठेवा.

पंचगंगाकाठ:
घाईत एक चाचणी घेतली. पहिल्या 122 मध्ये डिसेंबरच्या फक्त 11 आल्या. जुलै ते डिसेंबर मिळून 64. दोष दिसलाच नाही. काय चुकलं?

आकडेमोड:
दोन गोष्टी. एक म्हणजे 11 हा निर्दोष सोडतीतही सहज येणारा आकडा आहे. तिथं डिसेंबरच्या सरासरी 10 येतात, आणि 8 ते 13 मधलं काहीही आलं तरी भुवया उंचवायचं कारण नाही. सहामाहीचं तसंच: 61 अपेक्षित, 52 ते 70 सर्वसाधारण. 17 आणि 73 हे त्यापलीकडचे. म्हणून एका खेळीवर निकाल देऊ नका. त्याच पद्धतीनं चार-पाच वेळा काढून बेरीज करा.

दुसरं ओतण्यात आहे. पट्टीनं ढकलत भरल्यावर डिसेंबरचे तुकडे खोक्याच्या एका टोकाला राहतात. खोकं त्या टोकाकडून तिरपं केलंत तर डिसेंबर आधी पडून तळाला जातो आणि सगळं उलटं होतं. जानेवारीच्या टोकाकडून ओता, म्हणजे डिसेंबर वर येतो. खोकं दोन-तीनदाच हलवा. स्ट्रॉचे तुकडे हलके असतात, दहादा हलवलं तर खरोखरच मिसळतात! आणि मुलांना सांगा, हात वरच्या चार बोटांतच फिरवायचा. कुणी कोपरापर्यंत घालून तळ ढवळला की झालं.

मात्र ‘ही मूळ सोडतीतली ढकलाढकल मुद्दाम केलेली नक्कल आहे’ अशी पाटी लावा. नाहीतर संख्याशास्त्राचे मास्तर येऊन पोरांनाच धरतील.

जुनी पेठ:
तिसऱ्या प्रश्नावर. तो दोन रकान्यांचा तक्ता लावू नका, चूक आहे.

गॅलप या अमेरिकेतल्या जनमत पाहणी संस्थेनं युद्धभर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. व्हिएतनामात सैन्य पाठवणं ही चूक होती असं वाटतं का, असा त्याचा आशय. ऑगस्ट 1965 मध्ये ‘चूक’ म्हणणारे 24 टक्के, ‘नाही’ म्हणणारे 61. ऑक्टोबर 1967 मध्ये ‘चूक’वाले पहिल्यांदा पुढं गेले. ऑगस्ट 1968 मध्ये 53 विरुद्ध 35. मे 1971 मध्ये ‘चूक’ साठीच्या घरात. आणि तरुणांचं म्हणाल तर तिशीच्या आतले लोक पन्नाशीच्या वरच्यांपेक्षा ‘चूक’ कमी म्हणत होते. ज्यांनी आधीची युद्धं पाहिली होती ते जास्त साशंक होते. रस्त्यावर, फोटोत विद्यापीठातली पोरं दिसतात म्हणून आपला समज उलटा होतो. तिथला दर दुसरा तरुण काही विद्यापीठात नव्हता.

आणखी एक खाच. ‘चूक’ म्हणणारा म्हणजे ‘सैन्य परत आणा’ म्हणणारा, असं धरू नका. 12 मार्च 1968 ला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात) युद्धविरोधी यूजीन मॅकार्थींना 42 टक्के मतं पडली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना 49. पण मॅकार्थींच्या मतदारांतल्या बऱ्याच जणांचा राग जॉन्सन पुरेसं जोरात लढत नाहीत यावर होता. तेव्हा तक्त्यात रकाने तीन लागतील: लढाई वाढवा, आहे तशी चालू द्या, बाहेर पडा.

‘मत नाही’ वाल्यांना गाळू नका. 24 आणि 61 मिळून 85 होतात. उरलेले 15 टक्के रंग न भरता पांढरे ठेवा, पण दाखवा. ते गाळून बाकीचे शंभरावर ताणले की 24 चे 28 होतात आणि पोरं तेच पाठ करतात.

फूट किती खोल होती ते एका प्रसंगानं दाखवा. 4 मे 1970 ला ओहायोत केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. लगेच न्यूजवीक साप्ताहिकासाठी घेतलेल्या गॅलप पाहणीत 58 टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला 11 टक्क्यांनी. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी निदर्शकांना रस्त्यात चोपलं. ‘लोक युद्धाच्या विरोधात होते’ या एका वाक्यात हे बसत नाही.

मिरजकर तिकटी:
भावा, सगळं झालं पण पाटीवर शब्द जपून लिव्हा. कोल्हापुरात ‘भरती’ म्हटलं की पहाटे मैदानावर पळणारी पोरं आणि बाहेर डबा घेऊन उभे बाप डोळ्यांपुढं येतात. ‘14 सप्टेंबरचा पहिला नंबर लागला’ असं वाचून बघणारा म्हणणार, लै नशीबवान! तेव्हा ठळक लिव्हा: या सोडतीत लहान नंबर म्हणजे आधी बोलावणं.

आणि नंबर लागला म्हणजे गेलाच असंही नव्हतं. कॉलेजात असेल तर 2-एस म्हणून पुढं ढकललं जायचं, तब्येतीत नापास झाला तर 4-एफ. थेट जाण्याजोगा तो 1-ए. त्यामुळं फी भरायची ऐपत असलेल्याला वाट होती, नसलेल्याला नव्हती, आणि घराघरांतला राग तिथनं आला. हे एका ओळीत तरी टाका, नाहीतर सगळा दोष बरणीच्या माथी जातोय.

अख्ख्या वर्षाचा तारीख आणि नंबर असा तक्ता मोठ्या अक्षरात भिंतीला लावा. येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचा वाढदिवस शोधणार. तो टेबलापासून चार हात लांब लावा, नाहीतर चिठ्ठ्या काढणाऱ्यांच्या अंगावर गर्दी होईल.

पंचगंगाकाठ:
रकाने तीन करतो, पाटी बदलतो. दोन पिंपांची 1970 ची पद्धतही शेजारी ठेवावी का?

चिठ्ठीबहाद्दर:
ठेवा, पण तिला सामान दुप्पट लागतं: 365 तारखा आणि 365 नंबर. स्टीलचे दोन डबे चालतील. यातही 122 जोड्याच काढायच्या, पण मोजणी थोडी बदलते. इथं कितवी चिठ्ठी निघाली याला अर्थ नाही, जोडीला आलेला नंबर महत्त्वाचा. तो 122 च्या आत असेल तरच रेघ ओढा, चाळीसेक रेघा पडतील.

365 च का, असं मुलं विचारतील. ती सोडत 1951 मध्ये जन्मलेल्यांची होती आणि ते लीप वर्ष नव्हतं. 1969 च्या बरणीत मात्र 1944 आणि 1948 मुळं 29 फेब्रुवारी होतीच. घाईत चिठ्ठ्या छापताना तीच हमखास राहते आणि मग 366 चा हिशेब जुळत नाही. भरायच्या आधी फेब्रुवारीच्या वेगळ्या मोजून घ्या.