पाच प्रयोगांत बंद पडलेलं 'कॅरी' लोकांनी इतकी वर्षं जिवंत कसं ठेवलं?

न्यूजर्सीची_आई
नमस्कार मंडळी, माझी मुलगी इथे हायस्कूलला आहे आणि त्यांच्या ड्रामा क्लबने यंदा 'कॅरी' हे म्युझिकल करायला घेतलंय. स्टीफन किंगची कादंबरी (शाळेत सगळे छळतात ती कॅरी, तिची देवभोळी कडक आई, आणि प्रॉमला म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीला तिच्या अंगावर डुकराचं रक्त ओततात ती गोष्ट) कॉलेजात असताना वाचलेली, १९७६ चा सिनेमाही पाहिलाय, पण ह्याचं म्युझिकल झालं होतं हे मला नवीनच. थोडं वाचलं तर कळलं की १९८८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, त्याचे फक्त ५ प्रयोग झाले आणि जवळजवळ ८० लाख डॉलर पाण्यात गेले. आणि तरी मुलीच्या ड्रामाच्या सरांना त्यातलं गाणं न् गाणं पाठ आहे, बोलायला लागले की थांबत नाहीत. आपल्याकडे नाटक पडलं की पडलं, दोन वर्षांनी कोणी नावही काढत नाही. मग हे कसं टिकलं? किती वाईट होतं ह्याचीच मजा घेतात की खरंच काही आहे त्यात? मुलगी कॅरीच्या आईच्या, म्हणजे मार्गारेटच्या रोलसाठी ऑडिशन देणारे, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

तिसरी_घंटा
ताई, खरंच आहे, आणि जे आहे ते नेमकं तुमच्या मुलीच्या रोलमध्येच आहे.

म्युझिक मायकल गोअरचं, गाण्यांचे शब्द डीन पिचफर्डचे, 'फेम' सिनेमाचं टायटल साँग ह्याच दोघांचं. स्क्रिप्ट लॉरेन्स कोहेनची, त्यानेच १९७६ च्या सिनेमाची पटकथा लिहिलेली. निर्मितीत रॉयल शेक्सपिअर कंपनी, दिग्दर्शक टेरी हँड्स, कोरिओग्राफी डेबी अॅलनची. म्हणजे कोणी हौशी मंडळी नव्हती. आधी फेब्रुवारी ८८ मध्ये इंग्लंडमध्ये स्ट्रॅटफर्डला केलं, तिथे आईच्या रोलमध्ये बार्बरा कुक होती, पहिल्याच प्रयोगात सेटचा एक भाग तिच्या डोक्याला लागता लागता राहिला आणि तिने ब्रॉडवेला जायचं नाही असं ठरवलं. तिच्या जागी बेटी बकली आली, सिनेमात जिने कॅरीची पीटी टीचर केली होती तीच.

आता खरा घोळ. एकाच रंगमंचावर दोन वेगळी नाटकं चालू होती. घरातले मायलेकींचे सीन जवळपास ऑपेराच्या तोडीचे, आणि शाळेतले सीन म्हणजे चकचकीत कपड्यातला एरोबिक्स. डुकराला मारून त्याचं रक्त आणायचा प्रसंग आहे ना, त्यावर लाल लाइटमध्ये अख्खा डान्स नंबर बसवलेला. आणि ज्या क्षणाची लोक वाट बघत बसलेत, कॅरीच्या अंगावर रक्ताची बादली, तिथे माइक भिजून बंद पडेल म्हणून धड रक्तच ओतता येईना. शेवटच्या सीनला तर मोठा पांढरा जिना. प्रेक्षक गोंधळणारच.

पण प्रीव्ह्यूला, म्हणजे ओपनिंगच्या आधीच्या प्रयोगाला, काय झालं ते बघा. शेवटी हुर्यो उडाली, आणि तेवढ्यात बकली आणि लिंझी हेटली (कॅरी, जेमतेम १७ वर्षांची) नमस्काराला उभ्या राहिल्या तशी तीच पब्लिक उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. ह्यातच सगळं आलं. नाटक फसलं होतं पण ह्या दोघींचं नाटक फसलं नव्हतं. १२ मे ला ओपनिंग, रिव्ह्यू वाईट आले, पैसे लावणाऱ्यांनी हात काढून घेतला, १५ मे ला बंद.

कॅसेट_वाला
तिसरी_घंटा शी बरंचसं सहमत पण मुख्य कारण राहिलं. ८८ च्या कास्टचा, म्हणजे त्या नटांनी गायलेल्या गाण्यांचा अल्बम निघालाच नाही. ब्रॉडवेवर पडलेल्या शोचाही कधीकधी अल्बम निघतो, मग गाणी दुकानात मिळतात आणि विषय संपतो. इथे अधिकृत असं काहीच नाही, त्यामुळे थिएटरमध्ये गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग कॅसेटवर कॉपी होत होत हातोहात फिरलं, आपल्याकडे जुन्या मैफिलींची खाजगी रेकॉर्डिंग्ज फिरायची ना अगदी तसं. ज्याच्याकडे कॉपी असेल त्याच्याकडे लोक जायचे. वर लेखकांनी बरीच वर्षं कोणाला प्रयोगाची परवानगीच दिली नाही. १९९१ मध्ये केन मँडेलबॉमने ब्रॉडवेच्या चाळीस वर्षांतल्या फ्लॉप म्युझिकल्सवर पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच 'कॅरी' आहे, त्यानंतर तर न बघितलेल्यांनाही ओढ लागली. सहज मिळालं असतं तर एवढं प्रेम मिळालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी_घंटा
नाही पटत. दुर्मिळ म्हणून माणूस एकदा ऐकेल. खरखरीत, मधेच लोक खोकतायत असली कॅसेट पुन्हा पुन्हा लावतो तो गाण्यासाठीच.

थेम्सकाठी
मी २०१५ ला लंडनमध्ये सदर्क प्लेहाउसला पाहिलंय, छोटंसं थिएटर, नटांचा श्वास ऐकू येईल एवढं जवळ. ते सुधारलेलं व्हर्जन होतं. मूळ लेखकांनीच पुन्हा बसून बरीच गाणी बदलली, डुकराचा डान्स वगैरे काढला, २०१२ ला न्यूयॉर्कमध्ये एमसीसी थिएटरने ते ऑफ-ब्रॉडवे (ब्रॉडवेपेक्षा लहान थिएटरात) केलं आणि त्याचा अल्बमही निघाला. शाळांना मिळतं ते हेच. त्यात वर्गातली मुलं खरी मुलं वाटतात, एका मुलीला सगळे मिळून कसं कोपऱ्यात ढकलतात ते कळतं, म्हणून हायस्कूलवाले घेतात हे मला एकदम पटतं. २०१८ ला 'रिव्हरडेल' मालिकेने ह्याच्यावर अख्खा एपिसोड केला तेव्हापासून तर ८८ नंतर जन्मलेली पोरंही ही गाणी म्हणतायत. फक्त एक, नवीन व्हर्जन नीटनेटकं झालंय आणि त्यात तो जुना बेफाम धोका नाहीये. मला तो हवा होता.

न्यूजर्सीची_आई
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मुलीला काय ऐकवू आधी?

तिसरी_घंटा
२०१२ चा अल्बम लावा, मार्गारेट मॅरिन मॅझीने गायलीय, काय आवाज आहे. आधी 'अँड ईव्ह वॉज वीक' ऐकवा. मुलीला पाळी आली हे कळल्यावर आई बिथरते तो सीन, त्यात देव, पाप, भीती सगळं एकाच दमात येतं आणि लेक मधे मधे विनवण्या करतेय. बहुतेक मुली ऑडिशनला नुसत्या किंचाळतात. मार्गारेटला मुलीला त्रास द्यायचा नाहीये, तिला वाचवायचंय, हे तुमच्या मुलीला आधी समजू दे मग आवाज आपोआप चढेल.

मग 'व्हेन देअर्ज नो वन'. कॅरी प्रॉमला निघून गेलीय, आई घरात एकटी आणि मुलीला मारून टाकायचं हे ती ह्या गाण्यात ठरवते. चाल बघावी तर अंगाईसारखी मऊ. ह्यात अजिबात जोर लावायचा नाही, जिच्यावर जीव आहे तिच्याबद्दल बोलतोय तसंच म्हणायचं. प्रयोग कधी आहे ते इथे नक्की टाका, तिकडे आपली बरीच मंडळी आहेत.