मदत हवी आहे: वळवात लाईट गेली, इनक्यूबेटर तापला, आता नवव्या दिवसाचे वर्म्स ठेवू की टाकू?

नमस्कार मंडळी, इथं बायोलॉजीवाले किती आहेत माहीत नाही पण कुणाला तरी विचारल्याशिवाय आज झोप लागणार नाही म्हणून लिहायलोय.

मी बेळगावात रिसर्च करतो, सी. एलिगन्स नावाच्या वर्मवर. साधारण १ मिलीमीटर लांब, मातीत कुजलेल्या फळापाल्यात राहतो, माणसाला काही करत नाही (पोटातले जंत ते वेगळे, घरी हे दरवेळी सांगावं लागतं). याच्यात फक्त ३०२ न्यूरॉन आहेत आणि कुठला कुणाला जोडलाय त्याचा अख्खा नकाशा १९८६ लाच आलाय. २० डिग्रीला ठेवला तर दोन-तीन आठवड्यांत जन्म, म्हातारपण, मरण सगळं बघून होतं. म्हातारपणी याचे न्यूरॉन मरत नाहीत बरं का, जागेवरच असतात, पण त्यांचा आकार बिघडतो, नको तिथं फांद्या फुटतात, गाठी येतात. मी स्पर्शाचे सहा न्यूरॉन बघतो. टूथपिकला भुवईचा केस चिकटवायचा आणि वर्मला एकदा डोक्याकडं एकदा शेपटीकडं हळूच लावायचा, दहा वेळात किती वेळा सरकला ते लिहायचं. तरणा असला की जवळजवळ दरवेळी सरकतो, वय झालं की ऐकतच नाही.

खानापूरकडं आमची आज्जी आहे, तिला हल्ली चुलीवरचं भांडं तापलेलं हाताला कळत नाही, दोनदा भाजून घेतलंय. ती विचारते, "किडं मोजून काय मिळतंय रे बाळा?" तिच्या बोटांचं औषध माझ्याकडं नाही, पण स्पर्श कमी का होतो हेच मी बघायलोय आज्जी, असं सांगितलं की गप्प बसते आणि ताटात अजून एक भाकरी वाढते.

तर झालं काय, शनिवारी संध्याकाळी वळीव आला, झाडाची फांदी तारेवर पडली आणि आमच्या भागातली लाईट गेली ती रविवारी रात्री आली. लॅब वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. मी रविवारी सहाला पोचलो तर इनक्यूबेटरच्या (वर्म्स २० डिग्रीला ठेवायचं फ्रीजसारखं कपाट) आत २९ डिग्री! दोन सेट होते, साधा एन२ (नेहमीचा वर्म) आणि डॅफ-२ म्युटंट (एक जीन बिघडलेला, जास्त जगणारा), प्रत्येकी १०० च्या वर, शनिवारी सगळ्यांचा अॅडल्ट म्हणून सातवा दिवस होता. रोज सकाळी प्लेटवरून प्लेटवर उचललेत हो एकेक. काही प्लेटवर आता बुरशी पण दिसायलीय.

प्रश्न एवढाच, दोन्ही सेट सारखेच तापले, मग दोघांची तुलना तर चालेल ना? का सगळं टाकायचं?

प्रतिसाद (मूळची टिळकवाडीची, आता बाहेरगावी याच कामात):
वाईट वाटलं वाचून, माझ्यावर पण ही वेळ आलीय. पण तुलना चालणार नाही रे. डॅफ-२ जीनमधला ई१३७० नावाचा बदल असलेला म्युटंट वापरत असशील तर तो मुळातच टेम्परेचर-सेन्सिटिव्ह आहे, गरम झालं की त्याच्यात एन२ पेक्षा जास्त फरक पडतो, म्हणजे दोघं सारखे तापले तरी दोघांना सारखं झालं नाही. त्यात उष्णता वर्मला कळते तीच न्यूरॉनमधून, एएफडी नावाचे दोन न्यूरॉन असतात, आणि अंगातला हीट शॉक रिस्पॉन्स (तापल्यावर पेशी स्वतःला वाचवतात तो) सुद्धा त्यांच्या हातात असतो. तू न्यूरॉनच बघतोयस, मग हे सोडून कसं चालेल? पण सगळं टाकू नको. शनिवारी सकाळपर्यंत घेतलेले टचचे आकडे आणि फोटो चांगले आहेत, ते ठेव. लाईफस्पॅनच्या ग्राफमध्ये सगळ्यांना सातव्या दिवशी सेन्सॉर कर (तोवर जिवंत होते एवढंच धर, पुढचं मोजू नको), थोडीच माहिती उरेल पण खोटी नसेल. आणि पुढच्या वेळी सगळे एकाच दिवशी सुरू करू नकोस, दर आठवड्याला एक छोटी बॅच टाक. बुरशीच्या प्लेटमधून पुढं स्ट्रेन (वर्मचं वाण) चालवायचा असेल तर अंडी देणारे वर्म्स घेऊन ब्लीच कर, अंडी वाचतात, बुरशी मरते.

प्रतिसाद (शहापूर, इन्व्हर्टर-बॅटरीचं काम करतो):
भावा वर्मचं मला कळत नाही पण लाईटचं सांगतो. घरातला छोटा इन्व्हर्टर लावू नको, कॉम्प्रेसर चालू होताना एकदम जास्त करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. मशीनच्या मागची प्लेट वाचून मोठा घ्यावा लागेल. तोवर मोकळ्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेव, कायमच्या. लाईट गेली तरी आतलं टेम्परेचर हळूहळू चढेल, आणि दार उघडून बघत बसू नको.

मूळ प्रश्न विचारणारा:
ताई, मनापासून थँक्यू. ई१३७० च आहे. दोन्ही सारखे तापले यावरच मी अडून बसलो होतो, तेच चुकत होतं. शनिवारपर्यंतचे आकडे वेगळ्या वहीत उतरवून घेतले, बाकी प्लेट उद्या ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत मारून टाकणार). दादा, बाटल्या आजच भरून ठेवल्यात, आणि सगळ्यात जास्त-कमी टेम्परेचर लक्षात ठेवणारा थर्मामीटर मागवलाय, कारण आत्ता २९ च्या वर किती गेलं होतं ते सांगायला माझ्याकडं काहीच नाही.

अजून एक, काही वर्म लॅबमध्ये वाईन कूलर वापरतात, छोटा असतो, करंट कमी घेतो, इन्व्हर्टरवर निघेल असं वाटतंय. इथून गोवा जवळच आहे, तिकडं हॉटेल लाईनमध्ये कुणाची ओळख असेल आणि जुना पण २० डिग्रीला थांबणारा कूलर विकायचा असेल तर इथं सांगा. जूनच्या आधी नवीन बॅच टाकायचीय.